शेपटीची दिशा

१

पवनचक्कीला शेपूट असते, हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. पुढे पात्यांचं चाक, मागे पत्र्याची शेपूट. वारा सुटला की शेपूट वाऱ्यापासून लांब वळते, आणि ती वळली की चाकाचं तोंड आपोआप वाऱ्याकडे होतं. शेपूट बघायची आणि वारा कुठून येतोय ते ओळखायचं, एवढंच त्यातलं शहाणपण. या शहाणपणावर दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या कारूच्या माळावरच्या मेंढ्या पाणी पितात आणि माझं पोट भरतं. मिसरूड फुटल्यापासून मी हेच करत आलोय. वर चढायचं, तेल घालायचं, पंपाचं झिजलेलं चामडं बदलायचं आणि खाली उतरून कॉफी मागायची.

आमच्या बोलीत धूमकेतूला शेपटीचा तारा म्हणतात. चक्कीची शेपूट आणि ताऱ्याची शेपूट, शब्द एकच. म्हणून तर त्या हिवाळ्यात माझ्या मेहुणीने सगळ्या गावासमोर माझी फिरकी घेतली.

मेहुणी म्हणजे उर्सुला, माझ्या बायकोची धाकटी बहीण. टेकडीवरच्या वेधशाळेत ती पाहुण्यांना माहिती सांगते. तेव्हा सूर्य मावळला की पश्चिमेला धूमकेतू दिसायचा, आणि तो बघायला लांबलांबून लोक येत होते. उर्सुला म्हणाली, बाहेरचे बघून जातात आणि आपलीच माणसं घरात चुलीपाशी बसतात, हे काही बरं नाही. एका संध्याकाळी तिने आम्हा सगळ्यांना चर्चच्या पटांगणात उभं केलं. थंडी अशी की तोंडातून शब्दाआधी वाफ निघत होती.

"लिसबेतमावशी, तुम्ही सांगा. शेपूट का येते?"

लिसबेतमावशी आमच्या शेजारीण. गावातली कुठलीही गोष्ट आपल्याला माहीत नाही असं त्यांना वाटत नाही. "का म्हणजे काय? धावतोय ना तो! आमच्या ह्यांची गाडी धावली की मागे धुरळा उठतो, तसं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझंही तेच मत होतं. आमच्याकडे एक डांबरी रस्ता आणि बाकी सगळी माती. जे धावतं त्याच्यामागे धुरळा असतो, हे इथलं पोर चालायच्या आधी शिकतं.

"साफ चूक," उर्सुला म्हणाली. "निकदाजी, पुढे या. तुमच्या चक्कीची शेपूट कुठे असते?"

"वाऱ्यापासून लांब."

"चक्की धावते का?"

"धावली तर मी उपाशी मरेन."

लोक हसले. मग तिने समजावलं. हा तारा म्हणजे मातकट बर्फाचा गोळा. लांब असतो तेव्हा काळा, थंड, कुणाला दिसतही नाही. सूर्याजवळ आला की त्याच्या बर्फाची पाणी न होता थेट वाफ होते, आणि ती वाफ आतली धूळ घेऊन बाहेर पडते. सूर्याकडून एक वारा येत असतो. शिवाय प्रकाशाचाही रेटा असतो. ती वाफ, ती धूळ मागे लोटली जाते, तीच शेपूट. म्हणून ती नेहमी सूर्यापासून लांब. जितका जवळ तितकी लांबलचक.

"येताना शेपूट मागे," ती म्हणाली. "आणि सूर्याला वळसा घालून परत जाताना?"

तिने स्वतःच बोट पुढे धरलं.

"परत जाताना पुढे. आधी शेपूट, मग तो."

"गाडीच्या पुढे धुरळा!" लिसबेतमावशींनी गालावर हात ठेवला. "काहीही सांगते ही पोरगी."

मॅग्रीट, माझी बायको, माझ्या शेजारी शाल गुंडाळून उभी होती. तिने विचारलं, "प्रकाश ढकलतो म्हणतेस, मग मला कसा लागत नाही?"

"तू जड आहेस म्हणून, ताई."

सगळ्यांत मोठ्याने मॅग्रीटच हसली. अंगाने भरलेली बाई, कुणी चिडवलं तर तिला आवडायचं. "आणि शेपटीत असतं काय?"

"तोच असतो. प्रत्येक फेरीला थोडा कमी होऊन जातो. जेवढा सुंदर दिसतो ना, तेवढा संपत असतो."

घरी येताना मॅग्रीट म्हणाली, "बिचारा." मी म्हटलं, बर्फाच्या गोळ्याची कसली दया करतेस.

२

तारे बघायला येणाऱ्यांसाठी आम्ही घराला मागे एक खोली जोडली होती. नवीकोरी. त्या जागी आधी काही नव्हतं, खडक आणि झुडपं. कुणी तिथे मेलं नव्हतं, कुणी पुरलेलं नव्हतं. हे आधीच सांगतो, कारण लोक पहिल्यांदा तेच विचारतात.

खोली दक्षिणेला, आणि आमच्याकडे सूर्य उत्तरेच्या अंगाने जातो, म्हणजे उन्हाचं तोंड न बघणारी. मला धास्ती होती की हिवाळ्यात तिचा बर्फखाना होईल. झालं उलटंच. नळातलं पाणी गोठायचं, कुत्र्याच्या भांड्यावर बर्फाची चकती धरायची, आणि त्या खोलीत पाऊल टाकलं की स्वेटर काढावासा वाटायचा. मी येणाऱ्याजाणाऱ्याला भिंती ठोकून दाखवायचो. बांधकाम असावं तर असं!

मॅग्रीटच्या बोटांचे सांधे थंडीत धरतात. तिने आपली गोधडीची टोपली उचलली आणि तिथे मुक्काम ठोकला. दारासमोर खुर्ची, तोंड आतल्या कोपऱ्याकडे. का, तर उजेड तिकडून बरा येतो. खिडकी दुसऱ्या भिंतीला होती. हे मला तेव्हा खटकलं नाही.

खटकली ती लोकर. गोधडीत भरायची लोकर ती हातानेच पिंजते, त्यामुळे खोलीभर बारीक तंतू पडायचे. पडायला हवेत खुर्चीभोवती. पण सकाळी बघावं तर ते सगळे उंबऱ्याशी येऊन बसलेले, आणि एकाच दिशेने ताणलेले. काही दाराखालून बाहेर आलेले, बोळात. मी म्हटलं, खिडकीतून वारा येतोय. खिडकीच्या कडा लुकणाने बुजवल्या. दुसऱ्या दिवशी तंतू बोळातून स्वयंपाकघरापर्यंत पोचले होते.

मग कॉफी. मी तिच्यासाठी कप घेऊन गेलो आणि टेबलावर ठेवला. वाफ वर जाईना. ती कपाच्या काठावरून आडवी निघाली आणि माझ्या दिशेने, दाराच्या दिशेने आली. मी कप फिरवून बघितला. मूर्खासारखं, जणू दोष कपात होता.

मी यंत्रातला माणूस, मला कारण लागतं. कोपरा गरम असेल, गरम हवा पसरत असेल, दाराकडे वाट मिळाली की तिकडे जात असेल. पटण्यासारखं होतं, आणि मी ते पटवून घेतलं. कोपऱ्याच्या भिंतीला हात लावून बघायला मात्र गेलो नाही. कॉफी निवेल म्हणून.

३

"निक, बायकोला खायला काय घालतोस रे?" लिसबेतमावशी कुंपणावरून म्हणाल्या. "तोंडावर काय तेज आलंय! लग्नाच्या दिवशी नव्हती एवढी चांगली दिसत."

खरंच होतं ते. मॅग्रीट सुटसुटीत झाली होती. गालांवरची कातडी उजळली होती. चर्चमध्ये बायका वळून बघायच्या आणि ती लाजायची. मलाही छाती फुगवून चालावंसं वाटायचं, या वयात.

मग ती कुत्र्याचं नाव विसरली. दारात उभी राहून ती "ए... ए..." करत राहिली आणि मग हसायला लागली. मी नाव सांगितलं. तेव्हा मला येत होतं.

त्यानंतर मिठाचा डबा कुठे असतो ते. मग लिसबेतमावशी. "ती कुंपणावरची बाई" म्हणाली, आणि मला वाटलं रागावून म्हणतेय. दवाखान्यात नेली. नर्सने रक्तदाब बघितला, वजन घेतलं, म्हणाली, "काका, वय आहे. पण तब्येत झकास." वजन किती भरलं ते मी वाकून बघितलं, आणि काटा बिघडलाय असं ठरवून टाकलं.

आमची मुलगी केपटाऊनला असते. दर रविवारी फोन करते. त्या रविवारी मॅग्रीट खोलीतून उठून आली, फोनवर बोलली, तिकडे थंडी आहे का, जेवलीस का, सगळं नीट. फोन ठेवला आणि मला म्हणाली, "कोण होती रे ती मुलगी? फार गोड बोलते."

मी हातातला कप खाली ठेवला. मला आयुष्यात इतकी भीती वाटली नव्हती.

"मॅग्रीट, आजपासून त्या खोलीत बसायचं नाही. अंगणात उन्हात बस."

"बाहेरच्या गारठ्यात बोटं दुखतात."

"मी चोळून देतो."

"अरे म्हाताऱ्या, तिथे बरं वाटतं मला. काही लागत नाही, काही दुखत नाही." मग तिने जरा विचार केला. "उर्सुला म्हणाली होती ते खरं आहे. हलकं झालं की लागतो."

"काय लागतो?"

ती माझ्याकडे बघून हसली. ज्या माणसाला समजावून सांगायचा कंटाळा आलाय त्याच्याकडे बघून हसावं तसं.

मी खोलीला कुलूप लावलं. सोमवारी संध्याकाळी कामावरून आलो तर तिने खुर्ची बोळात आणली होती आणि बंद दाराकडे तोंड करून शिवत बसली होती. दाराच्या फटीतून उजेड येतो, म्हणाली. फटीतून अंधार दिसत होता. मी दिवा लावला, तिला उठवून अंथरुणावर नेलं आणि किल्ली उशीखाली ठेवली.

४

दुसऱ्या दिवशी पूर्वेकडच्या एका शेतावरून निरोप आला की चक्की अडकलीय, शेपूट हलत नाही. जायचं मन नव्हतं. पण मेंढ्या तहानल्या होत्या. लिसबेतमावशींना मॅग्रीटपाशी बसवलं आणि निघालो.

दिवस लख्ख होता, वारा मुळीच नव्हता. मी वर चढलो. माझा अंदाज असा की डोकं ज्या नळीवर फिरतं तिच्यात गंज धरला असणार. तसं रोज होतं. तेल घातलं, शेपटीला खांदा लावून रेटली. ती लोण्यासारखी फिरली, अडकलेली नव्हतीच. मी हात काढला. शेपूट सावकाश, काहीही आवाज न करता, मागे फिरली आणि होती तिथे जाऊन थांबली. पूर्वेकडे.

मी बोट ओलं करून वर धरलं. काही नाही. गावातल्या धुरांड्यांचा धूर सरळ उभा चढत होता.

पुन्हा रेटली. पुन्हा तिथेच.

मग मी मान वर करून लांब बघितलं. इतक्या उंचीवरून आमचं सगळं खोरं दिसतं, आणि त्यातली प्रत्येक चक्की मी कधी ना कधी दुरुस्त केलेली आहे. उत्तरेकडची, जिची शेपूट उत्तरेकडे होती. दगडी धरणाजवळची, तिची पश्चिमेकडे. खाली ओढ्यावरची, तिची दक्षिणेकडे. एकही चाक फिरत नव्हतं. वारा नसताना शेपट्या कशाही पडलेल्या असतात, ज्या त्या चक्कीच्या मर्जीने. या तशा नव्हत्या. या सगळ्या एकाच जागेपासून लांब वळल्या होत्या, आणि सगळ्या चाकांची तोंडं त्या जागेकडे होती.

मधोमध आमचं घर होतं. त्याचा लाल पत्रा उन्हात चमकत होता.

किती वेळ मी शिडीला धरून राहिलो, सांगता येत नाही. खालून शेतमालक ओरडला, "काय झालं रे, भोवळ आली का?" मी म्हटलं, "हो."

५

लिसबेतमावशी आपल्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. "तिनेच घरी पाठवलं मला," त्या फणकारल्या. "म्हणाली, तुमची ओळख नाही, उगाच त्रास कशाला. माझी ओळख नाही! बारशाला मी होते रे तुमच्या पोरीच्या!"

दोरीवरची चादर आमच्या घरापासून लांब झुकली होती. मावशी बोलत होत्या आणि त्यांच्या डोक्याला बांधलेल्या रुमालाचं टोकही झुकलं होतं. त्यांना ते कळत नव्हतं.

उशीखाली किल्ली नव्हती. बोळात लोकरीचे तंतू माझ्या पायांवरून वाहत गेले. मागच्या खोलीचं दार उघडं होतं.

मॅग्रीट खुर्चीत बसली होती, माझ्याकडे पाठ. तिचे केस सुटले होते आणि सगळे माझ्या दिशेने पसरले होते, आडवे. ते हलत नव्हते, नुसते ताणलेले होते. गोधडीचे तुकडे दोऱ्याला धरून तसेच. आणि तिच्या केसांतून, खांद्यांवरून, कोपरांतून काहीतरी निघत होतं. बारीक, उन्हात धूळ दिसते तसं. ते येऊन माझ्या तोंडावर लागत होतं. त्याला तिच्या साबणाचा वास होता.

"मॅग्रीट."

तिने मान वळवली. तिच्या एका गालावर उजेड होता, भट्टीसमोर बसलेल्या माणसाच्या गालावर असतो तसा. एवढी सुंदर मी तिला कधी बघितली नव्हती. दुसऱ्या गालातून मला मागची खिडकी दिसली. मला वाटतं, दिसली.

कोपऱ्यात काय होतं ते मी सांगू शकत नाही. मी तिकडे बघितलं नाही. खाली मान घालून, फरशीच्या रेघा मोजल्यासारखा चालत गेलो. पण तिच्या खुर्चीपाशी वाकताना डोळ्याच्या कडेला एवढं आलं, की तो कोपरा जितका लांब असायला हवा त्याहून फार फार लांब होता, आणि तिथलं जे होतं ते आपल्या जागी नव्हतं. ते पूर्वीपेक्षा जवळ होतं.

मी तिला उचललं. जिला लग्नात उचलताना माझी कंबर धरली होती आणि वऱ्हाड हसलं होतं, ती बाई. लोकरीच्या पोत्याला जास्त वजन असतं.

"कुठे नेतोस?" तिने विचारलं. कुरकुर नव्हती, नुसती चौकशी.

"उर्सुलाकडे. टेकडीवर. इथून लांब."

६

पिकअपच्या काचा वर केल्या, तिला शेजारी बसवून शाल गुंडाळली आणि मातीच्या रस्त्याने गाडी सोडली. सूर्य नुकताच बुडाला होता. पश्चिमेला तो शेपटीचा तारा दिसायला लागला होता, शेपूट वर, सूर्यापासून लांब, पाहिजे तशी. तो तरी आपल्या नियमाने वागतोय हे बघून मला बरं वाटलं.

मी सवयीने आरशात बघितलं. मागे रस्ता स्वच्छ होता. चाकांखाली सुकी माती, वेग एवढा की गाडी उडत होती, आणि मागे धुरळ्याचा कण नाही.

धुरळा पुढे होता. चाकांखालून निघत होता, बॉनेटच्या दोन्ही अंगांनी पुढे जात होता आणि दिव्यांच्या उजेडात आमच्या आधी रस्त्याने पळत होता.

आधी मला चर्चचं पटांगण आठवलं. परत जाताना शेपूट पुढे. म्हणजे आपण लांब चाललोय, हीच खूण आहे, असं मी मोठ्याने म्हटलं. "मॅग्रीट, आपण सुटलो. लांब जाऊ तशी शेपूट आखूड होत जाते. उर्सुलाच म्हणाली ना, जवळ असेल तर लांबलचक. तू बघत राहा, आता आखूड होईल."

ओढा गेला. दगडी धरण गेलं. धरणाजवळच्या चक्कीचं चाक आम्ही पुढे जाऊ तसं वळत गेलं, तोंड आमच्याकडे ठेवून.

धुरळा आखूड होत नव्हता. तो लांब होत होता. आता तो टेकडीच्या पायथ्यापर्यंत पोचला होता, आणि उजळ होता. शेपूट पुढे, म्हणजे ते मागे. आणि शेपूट वाढतेय, म्हणजे...

मी आरशात बघितलं नाही. आरसा हाताने छताकडे फिरवला. काचा बंद होत्या, तरी मॅग्रीटच्या शालीची टोकं समोरच्या काचेला जाऊन चिकटली होती. स्टिअरिंगवरच्या माझ्या हातांवरचे पांढरे केस आडवे झाले होते, पुढच्या दिशेने. माझी पाठ उबदार झाली होती. पाठीचं जुनं दुखणं, चक्कीवरून पडलो होतो तेव्हापासूनचं, कुठे गेलं कळलं नाही. खरं सांगतो, छान वाटत होतं. रडू आलं मला, इतकं छान वाटत होतं.

मॅग्रीटने माझ्या गालावर हात ठेवला. ती माझ्याकडे बघत होती, अगदी नव्याने बघावं तशी.

"अगंबाई," ती हळूच म्हणाली, "तुमच्या तोंडावर काय तेज आलंय!"

७

आता आम्ही उर्सुलाकडे राहतो. तिच्या घराला मागे एक छोटी खोली आहे, तिथे आम्ही दोघं बसतो. धूमकेतू गेला. आता नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, काळा झाला असेल, आपल्या वाटेने. उर्सुला मला त्याच्याबद्दल काही सांगत नाही, आणि खिडकीतून खोऱ्याकडे बघत नाही. ती आमच्या खोलीच्या दारात उभी राहते, आत येत नाही. तिच्या हातातल्या चहाची वाफ तिच्याकडेच जाते.

मी हे सगळं सांगून टाकतोय, कारण मला अजून बरंचसं येतं. चक्कीचं चामडं कसं बदलायचं ते येतं. मला मुलगी आहे हे ठाऊक आहे, तुम्हाला सांगितलंच की मी.

आज रविवार. फोन वाजला, उर्सुलाने माझ्या हातात दिला. मी बोललो, तिकडे थंडी आहे का, जेवलीस का, सगळं नीट. कोण होती कुणास ठाऊक. फार गोड बोलते मुलगी. फोन ठेवताना रडत होती.